खायला घालू नका

३ मार्च २०२५, सोमवार

आले एकदाची सोलापुरात! कुर्डुवाडीहून सकाळची गाडी पकडली. बाबा वर्कशॉपला जायच्या आधी फलाटावर ट्रंक घेऊन आले आणि गाडी हलताना खिडकीतून ही वही हातात कोंबली. नोकरीचं पहिलं वर्ष लिहून ठेव म्हणाले, नंतर काही आठवत नाही. त्यांना स्वतःचं पहिलं वर्ष आठवत नाही, त्याची त्यांना अजून हळहळ आहे.

खोली झकास आहे. पूर्व भागात, ईश्वरप्पा काकांच्या घराचा वरचा मजला. खिडकी उघडली की शेजारच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट येतो, दिवसभर, टॉवेल विणतात. पहिला तासभर डोकं उठलं, आता लक्षातही येत नाही. खाली काका आणि हेमावती काकू दोघंच. दोघंही सत्तरीकडे झुकलेले, मुलगा बेंगळुरूला. घर असं स्वच्छ की चप्पल कुठे काढावी याचा विचार पडावा. काकू दिवसातून तीनदा ओटा पुसतात. पूर्ण शाकाहारी घर. मला पहिलीच अट घातली, अंडंसुद्धा चालणार नाही. म्हटलं, चालेल.

घराच्या मागे काकांचा पॉवरलूमचा कारखाना आहे, सहा वर्षं बंद. माग विकले, पत्र्याची शेड राहिली आणि शेडमध्ये राहिली मांजरं. ती सगळी उचलून न्या म्हणून काकांनीच आमच्या प्राणी केंद्रात फोन केला होता. आमच्या डॉक्टर श्रीदेवी मॅडमनी त्यांना समजावलं की मांजरं उचलून नेली की रिकाम्या जागी दुसरी येतात. त्यापेक्षा आम्ही पकडतो, नसबंदी करतो, डाव्या कानाचं टोक कापतो म्हणजे झालेलं मांजर लांबूनही ओळखू येतं, आणि जिथून आणलं तिथेच परत सोडतो. मग पिल्लं होत नाहीत, बोक्यांची भांडणं थांबतात, संख्या आपोआप कमी होते. काकांना ते ‘परत सोडतो’ काही पटलं नाही, पण तयार झाले. वर मॅडमच्या शब्दावर मला खोलीही दिली.

माझं काम पकडण्याचं आणि सोडण्याचं. आणि ऑपरेशनला मॅडमच्या हाताखाली उभं राहायचं.

मॅडमनी मुलाखतीत एकच विचारलं होतं, किळस येते का? मी सांगितलं, नाही येत. खरंच येत नाही. पशुधनाच्या डिप्लोमाला असताना एका बैलाच्या खुरातून चिमट्याने चाळीस-पन्नास किडे काढले होते आणि हात धुऊन तिथेच गोठ्यात डबा उघडून बसले होते. सगळ्या पोरी लांब पळाल्या. मला उलट त्या बैलाचा राग आला होता की इतके दिवस लंगडत होता तर जरा लवकर ओरडायचं.

४ मार्च, मंगळवार

आज मांजरं मोजली. एकोणतीस. शेडमध्ये सुताचा धुरळा अजून कोपऱ्याकोपऱ्यात साठलाय, त्याच्याच गाद्या करून निवांत पडलेली असतात. एक करडी आहे, तिचा एक डोळा पांढरा. एक पिवळा बोका, डोकं नारळाएवढं. तीन काळ्या बहिणी, एकीच्या अंगावर दुसरी. अंगाला हात लावू देत नाहीत, पण माणसाला घाबरतही नाहीत. हे कुणीतरी रोज हाताने वाढणारं असलं की होतं.

काकूंना विचारलं तर म्हणाल्या, आमच्या अव्वा. काकांच्या थोरल्या बहीण, नागव्वा. लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन माहेरी परत आल्या त्या कायमच्या. ही सगळी मांजरं त्यांचीच. त्यांना त्या ‘पोरं’ म्हणायच्या. सकाळ-संध्याकाळ दूध-भाकरी कुस्करून शेडच्या दारात उभ्या राहिल्या की ‘बा बा बा’ अशी हाक, म्हणजे कानडीत या या, आणि पत्र्यावरून, भिंतीवरून सगळी धावत यायची. काकू ती हाक काढून दाखवताना हसल्या नाहीत. एका ताटात त्यांच्याबरोबर खायच्या, म्हणाल्या. अंथरुणात घेऊन निजायच्या. लुगड्याला मुताचा वास. मी पुन्हा विषय काढला नाही.

अव्वा जानेवारीत पडल्या, तेव्हापासून अक्कलकोटला पुतण्याकडे आहेत. आता खायला काकूच नेतात.

शेडच्या मागच्या टोकाला एक खोली आहे, पूर्वी सुताच्या कांड्या ठेवायची. तिला कुलूप. वर झरोक्याची काच फुटलीय, तिथून मांजरांची ये-जा सारखी चालू असते. आत नक्की कुणीतरी व्यालेली असणार. काकांकडे किल्ली मागितली. सापडत नाही म्हणाले.

६ मार्च, गुरुवार

शनिवारी पिंजरे लावायचे ठरले. पोट भरलेलं मांजर पिंजऱ्यात शिरत नाही, त्यामुळे आधी दोन दिवस उपाशी ठेवणं हे आमच्या कामातलं पहिलं पाऊल, आणि नेमकं तेच लोक ऐकत नाहीत. कुणीतरी मायाळू बाई मागच्या दाराने दूध ठेवतेच.

संध्याकाळी पाचला काकू ताट घेऊन शेडकडे निघालेल्या दिसल्या. झाकलेलं ताट, वर पदर. मी हटकलं. झाकण काढलं तर भात, वरण, दुधात कुस्करलेली भाकरी. मांजरांचे लाड बघून मला हसूच आलं. पण काम ते काम. मी त्यांना सरळ सांगितलं की आजपासून शेडमध्ये काहीही न्यायचं नाही. मी सांगेपर्यंत नाही. एक घाससुद्धा नाही.

काकू थांबल्या. म्हणाल्या, “नगं म्हणतीस? अजिबात?”

मी म्हटलं, अजिबात.

त्यांनी ताटावर झाकण ठेवलं. मग पुन्हा, हळू, “पानी तरी हाय आत. पर खायचं न्हाय ठेवायचं?”

मी म्हटलं, पाणी चालतं काकू, खायचं ठेवू नका. तुम्ही ठेवलंत तर माझं सगळं काम वाया जाईल.

त्यांनी मान हलवली आणि ताट घेऊन घरात गेल्या. असं वाटलं की खांद्यावरची घागर कुणी उतरवून घेतली. बिचाऱ्या, नणंदेची मांजरं, मनात नसताना दोन महिने वाढत होत्या.

७ मार्च, शुक्रवार

दुपारी कारखान्यातून लांबलेलं, बारीक ओरडणं येत होतं. थांबून थांबून. समोरच्या घरातल्या दोन बायका फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, कोण रडतंय म्हणून विचारायला. काकूंचा चेहरा उतरला. मी खाली गेले आणि बायकांना समजावलं. माजावर आलेली मांजर अगदी अशीच ओरडते. माणसासारखी. लहान पोरासारखी, म्हाताऱ्या बाईसारखी. मी स्वतः डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी वसतिगृहाबाहेर बाळ टाकलंय म्हणून वॉर्डनला उठवलं होतं, आणि ती निघाली मांजर. सगळ्या हसल्या. नसबंदी झाली की हे ओरडणं आपोआप बंद होतं, आठवड्यात फरक दिसेल, असंही सांगितलं.

बायका गेल्यावर काकूंनी मला बळंच बसवून शेंगाचटणी आणि कडक भाकरी खायला घातली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. संध्याकाळी त्या फाटकाशी आणखी कुणाला तरी सांगत होत्या, मॅडमनी सांगितलंय, माजावरची मांजर हाय.

मॅडम! मला मॅडम म्हणाल्या. बाबांना फोनवर सांगितलं.

९ मार्च, रविवार

काल अकरा पकडली. जोतिराम, आमच्या गाडीचा ड्रायव्हर, तीस वर्षं गाड्या चालवतोय आणि मांजरांना घाबरतो. सुकटीची पिशवी काकांच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने ती सीटखाली लपवली होती. पण मांजरं अशी भुकेली की पिंजऱ्याची फळी खाली पडायच्या आधीच दुसरं आत घुसत होतं. चादर टाकली की अंधारात गप्प होतात.

आज सगळ्यांची ऑपरेशनं झाली. भुलीच्या इंजेक्शनाने मांजरं आधी ओकतात, त्याला घाबरायचं नाही, मॅडमनी आधीच सांगितलं होतं. फेस, केस, थोडं दूध. मी पुसत होते आणि मॅडम शिवत होत्या. तीन माद्यांच्या पोटात पिल्लं होती, पंधरा-वीस दिवसांची, बोराएवढी. ती बादलीत टाकताना मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी ठीक होते.

११ मार्च, मंगळवार

अकराच्या अकरा परत सोडली. हा या कामातला सगळ्यात सुंदर क्षण. पिंजऱ्याचं दार वर केलं की आधी नाक, मग मिशा, मग एकदम बाण सुटल्यासारखं मांजर. सगळी सरळ मागच्या खोलीकडे पळाली. पत्रा, झरोका, आत. घर ते घर.

खायला मी अजून घालू दिलेलं नाही, राहिलेली अठरा पकडायचीत. काकूंना पुन्हा आठवण केली. त्या म्हणाल्या, “न्हाय ठेवत गं, तू म्हणालीस तवापासनं न्हाय ठेवलं.”

ओरडणं कमी झालंय. काल दोनदाच ऐकलं, तेही अगदी बारीक. आज नाही. मी म्हटलंच होतं.

१३ मार्च, गुरुवार. होळी

काकूंनी पुरणपोळी वर पाठवली. त्या होळिगे म्हणतात. दुधात बुडवून चार खाल्ल्या. संध्याकाळी गल्लीत होळी पेटली तेव्हा काका मला शेजाऱ्यांना ओळख करून देत होते, हिने आमचा त्रास घालवला म्हणून.

एक गोष्ट लिहायची राहिली. शेडमध्ये वास येतोय. काका म्हणाले, घूस मेली असेल. काकूंनी फिनाईल ओतलं, ऊद जाळला. फिनाईल, ऊद आणि खालून तो गोडसर वास, तिन्ही एकत्र. वर खोलीपर्यंत येतं. पोळी खाताना एकदा हात थांबला होता. माझा! मग खाल्ली.

१५ मार्च, शनिवार

दुसरा हप्ता. दिवसभरात एकही मांजर पिंजऱ्यात गेलं नाही.

सुकट, बांगडा, शेवटी जोतिरामने कोंबडीचं काळीज आणलं. पिंजऱ्यासमोर बसून स्वतःलाच चाटूनपुसून घेत होती. खाण्याकडे बघायलाही तयार नाहीत. नऊ दिवस कुणी खायला घातलेलं नाही आणि पोटं बघावीत तर टम्म. एकडोळ्या करडीची तर जमिनीला टेकतेय. जोतिराम म्हणाला, “ह्यास्नी कुणीतरी घालतंय ताई. लई घालतंय.” मी काकूंना विचारलं. शप्पथ घेऊन म्हणाल्या, न्हाय.

शेवटी जाळं टाकून चार बोके धरले. नारळाच्या डोक्याचा पिवळा माझ्या अंगठ्याला कडाडून चावला. त्याच्या तोंडाचा वास. मी खूप मांजरांची तोंडं उघडलीत. हा वास मांजराचा नव्हता.

रेबीजची लस घेतली. अंगठा ठणकतोय.

१६ मार्च, रविवार

अंगठा सुजून वांग्यासारखा झालाय. थोडा ताप. हात दहादा धुतला. साबण, डेटॉल, पुन्हा साबण. वास जात नाही. भाताचा घास तोंडाजवळ नेला की बोटांना तोच.

माशा. खिडकीच्या जाळीवर. मोठ्या, निळ्या.

१७ मार्च, सोमवार. संध्याकाळ

नीट लिहिलं पाहिजे. क्रमाने.

सकाळी ऑपरेशनं. पहिल्या बोक्याला भूल दिली, तो ओकला. लांब पांढरे केस, गुंता झालेले. मांजराचे नाहीत, वीतभर लांब. मॅडम म्हणाल्या, न्हाव्याच्या दुकानामागे हिंडत असेल. दुसरा. हिरव्या कापडाचे धागे. नख. मी ते चिमट्याने उचललं आणि पाण्याखाली धरलं. जाड, पिवळं, पुढे वळलेलं. मॅडमचं लक्ष टाक्यांत होतं.

मग पिवळा. तो खूप वेळ उबळला. आणि एक तुकडा पडला. कातड्याचा. ओल्या चामड्यासारखा, विड्याच्या पानाएवढा, कडा चघळलेल्या. मी कापसाने पुसला. त्यावर हिरवे ठिपके होते. चार कोपऱ्यांना चार, मध्ये एक. चिखल असेल म्हणून मी घासलं. गेले नाहीत. कातडीच्या आतले होते.

मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, खाटकाकडचं असेल, बकऱ्यावर शिक्का मारतात, टाक. मी टाकला नाही. बरणीत ठेवलाय.

बकऱ्याला गोंदत नाहीत.

पाचला घरी आले. काकू अंगणात शेंगा फोडत होत्या. मी विचारलं, अव्वांच्या हातावर गोंदण आहे का?

“होतं की. डाव्या हातावर. पाच ठिपके. लगनाआदी गोंदलेलं.”

होतं.

मी म्हटलं, होतं म्हणजे?

त्या शेंगा फोडतच राहिल्या. दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे. मग माझ्याकडे न बघता सांगू लागल्या. अगदी शांत, भाजीचा भाव सांगावा तसं. जानेवारीत पडल्या तेव्हा अव्वांचं डावं अंग गेलं. हात, पाय, तोंड. अक्कलकोटचा पुतण्या न्यायला तयार झाला नाही. महिनाभर घरात ठेवलं.

“सगळं अंथरुणात गं. मला किळस येती. माझ्याच्यानं हुईना. जेवान जाईना मला, पाणी जाईना. ह्यांनी मग तिची खाट मागं खोलीत टाकली. तिची पोरं तितंच हायती की. घागर भरून ठिवली उशाशी. दोन येळचं ताट मी न्हेत हुते. नाक दाबून न्हेत हुते, पर न्हेत हुते.”

मग वर बघितलं.

“तूच म्हणालीस, अजिबात ठेवू नका. शिकलेली हायस तू. मी दोनदा इचारलं तुला.”

मी म्हटलं, मी मांजरांचं म्हणत होते.

“मी तुला दोनदा इचारलं.”

काका? काकांनी ताटाचं कधी विचारलंच नाही म्हणाल्या. काकूंनीही सांगितलं नाही. रडणं बंद झालं तेव्हा दोघांनी आंघोळ केली आणि गप्प बसले. आता वास जाऊ दे, मग बघू, म्हणाले काका. टरफलं सुपात भरून त्या उठल्या, आणि जाता जाता मला विचारलं, रात्रीला आमटी करू का.

वर येऊन ओकले. जन्मात पहिल्यांदा. चार पुरणपोळ्या चार दिवसांपूर्वीच्या, तरी वाटलं त्याच बाहेर येतायत.

काकूंनी विचारलं होतं. पाणी हाय आत, पर खायचं न्हाय ठेवायचं? आणि मी म्हटलं, पाणी चालतं.

१८ मार्च, मंगळवार. सकाळ

ताप. हात कोपरापर्यंत लाल.

पोलिसांना फोन करायला घेतला. काय सांगणार? पहिलाच प्रश्न येईल, ओरडणं कुणी ऐकलं नाही का. ऐकलं. सगळ्या गल्लीने ऐकलं. विचारायला आल्या होत्या. त्यांना हसवून परत कुणी पाठवलं? मॅडमनी.

फोन ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. मला काकूंची किळस येते, पुसलेल्या ओट्याची, फोडलेल्या शेंगांची. काकांच्या धुतलेल्या धोतराची. आणि ज्या हाताने फोन ठेवतेय त्याची. त्याची जास्त.

मेलीच आहे ती, असं मनात येतं. आता घाई कसली. हे मीच मनात म्हटलं. काकूंच्या आवाजात नाही, माझ्या.

अकराला जोतिराम चार बोके घेऊन येणार. परत सोडायला. जिथून आणले तिथेच.

त्यांना तिथे परत —

नाही. जोतिरामला सांगते. सगळं.

१८ मार्च. साडेबारा

शेडमध्ये बसून लिहितेय. नंतर कुणी विचारलं तर मी शब्द बदलीन. स्वतःला वाचवीन. म्हणून आत्ता.

जोतिरामला सांगितलं. तो गेला आणि गाडीतली टायर काढायची लोखंडी टामी घेऊन आला. काका मध्ये आले, हात जोडले, घराण्याची अब्रू म्हणाले. त्याने त्यांना बाजूला केलं, हळूच, म्हाताऱ्या माणसाला करतात तसं. दोन दणके. कुलूप तुटलं.

वास. लिहिता येणार नाही. भिंतीसारखा अंगावर आला. जोतिराम मागे वळून दाराशीच ओकला.

पंधरा तरी मांजरं असतील आत. कुणी हललं नाही. कापलेले कान. माझ्याच हाताखाली कापलेले.

खाट. हिरवं लुगडं, खाटेच्या सुंभाला चिकटलेलं. खाली जमिनीवर — सगळं, महिन्याभराचं. मुंग्यांची रांग. डावा पाय घोट्यापर्यंतच. डावा हात, कोपराखाली काठी, नुसती पांढरी —

एकडोळी करडी छातीवर बसली होती. पुढचे पाय एकामागून एक दाबत, दूध पिताना पिल्लू आईला दाबतं तसं. गुरगुरत. बगलेत तीन पिल्लं, डोळे न उघडलेली. म्हणजे ती माजावर नव्हतीच कधी. कुणीच नव्हतं.

करडीला हाकललं. ती बसलेली जागा वर आली. खाली गेली. वर आली.

मला वाटलं ताप.

पुन्हा वर.

जोतिरामला ओरडून सांगितलं, जिवंत आहे. पत्र्याखाली फोन लागत नाही, तो गल्लीत पळालाय, रुग्णवाहिकेला. काका अंगणात खाली बसलेत. काकू शेडच्या दारात उभ्या आहेत. नाकाला पदर. आत येत नाहीत. मी म्हटलं पाणी आणा. हलत नाहीत. मी म्हटलं अहो पाणी —

घागरीच्या तळाशी थोडं आहे. वाटी उजव्या हाताजवळच पडलीय. तो हात चांगला आहे. त्या हाताने ती बारा दिवस —

काल संध्याकाळी मी वर बसून नीट, क्रमाने लिहीत होते. सकाळी फोन उचलत होते, ठेवत होते. ती इथे होती.

डोळा उघडलाय. एक. बघतेय.

वाटी ओठांना लावली. तोंड फिरवलं. पाणी नकोय. ओठ हलतायत. कान जवळ न्यावा लागेल. त्या तोंडाजवळ. मला येईना. गेले.

पोरं जेवली का.

असं म्हणाली. मी नीट ऐकलं. पुन्हा तेच. पोरं जेवली का, कुणी घातलं का त्यांना.

उजव्या हाताने माझं डावं मनगट धरलंय. सुजलेला अंगठा तिच्या मुठीत. कळ डोक्यात जातेय. सोडत नाही. उत्तर हवंय तिला. गल्लीत अजून गाडीचा आवाज नाही. करडी परत आली, पायथ्याशी बसलीय, चाटतेय —

पुन्हा विचारते. तिसऱ्यांदा.

व्हय अव्वा, म्हटलं. जेवली. पोट —